‘फेथफुली’ची जागा: ओबामांच्या शपथेचं प्रकरण

इंग्रजी व्याकरणाच्या एका भ्रामक नियमामुळे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना दोनदा शपथ घ्यावी लागली, असं आजही अनेकदा सांगितलं जातं. स्प्लिट इन्फिनिटिव्हवर, म्हणजे ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये क्रियाविशेषण घालू नये या नियमावर, चर्चा निघाली की हे उदाहरण हमखास येतं, आणि शिकवणाऱ्यालाही ते आवडतं, कारण त्यात सत्ता आहे, राज्यघटना आहे, जगभरचे प्रेक्षक आहेत. हा नियम निराधार आहे आणि तो अजून वर्गांत शिकवला जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण हे प्रकरण त्या नियमाच्या खात्यावर टाकण्याआधी ते एकदा शब्द न् शब्द तपासायला हवं.

प्रसंग आहे २० जानेवारी २००९ चा. वॉशिंग्टनला कॅपिटॉलच्या पश्चिम बाजूला बराक ओबामा शपथ घ्यायला उभे होते. शपथ देत होते सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स. राष्ट्राध्यक्षाला शपथ देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. ही शपथ प्रथेने ठरलेली नाही, ती अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात जशीच्या तशी लिहिलेली आहे. एकूण ३५ शब्द. ती अशी: ‘आय डू सॉलम्ली स्वेअर दॅट आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स, अँड विल टू द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी, प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड द कॉन्स्टिट्यूशन ऑफ द युनायटेड स्टेट्स.’ म्हणजे मी गांभीर्यपूर्वक शपथ घेतो की राष्ट्राध्यक्षपदाचा कारभार निष्ठेने चालवीन आणि माझ्या पूर्ण क्षमतेनिशी राज्यघटनेचं जतन, संरक्षण व रक्षण करीन.

रॉबर्ट्स यांच्या हातात कागद नव्हता. ते पाठांतरावर शपथ देत होते.

पहिला गोंधळ व्याकरणाचा नव्हता. रॉबर्ट्स यांनी ‘आय, बराक हुसेन ओबामा’ म्हटलं. तुकडा इथे संपला असं समजून ओबामांनी ‘आय, बराक’ अशी सुरुवात केली. त्याच क्षणी रॉबर्ट्स ‘डू सॉलम्ली स्वेअर’ म्हणून पुढे गेले. दोघांचे आवाज एकमेकांवर आदळले. ओबामांनी मग तो सगळा तुकडा नीट म्हटला. तुकडे कुठे पाडायचे यावर दोघांचा ताळमेळ नव्हता, हे इथेच दिसून आलं.

पुढचा तुकडा रॉबर्ट्स यांनी असा दिला: ‘दॅट आय विल एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट टू द युनायटेड स्टेट्स फेथफुली.’ ओबामा ‘दॅट आय विल एक्झिक्यूट’ इथवर आले आणि थांबले. त्यांना मूळ शब्द पाठ होते. चूक त्यांच्या लक्षात आली होती. त्यांनी मान हलवून सरन्यायाधीशांना दुरुस्तीची संधी दिली. रॉबर्ट्स यांनी अडखळत ‘फेथफुली द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ असं म्हटलं. आणि ओबामांनी काय म्हणावं? ‘द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स फेथफुली.’ म्हणजे ते रॉबर्ट्स यांच्या पहिल्या, चुकलेल्या क्रमाकडेच परत गेले. उरलेली शपथ दोघांनी व्यवस्थित पार पाडली.

या काही सेकंदांत ‘फेथफुली’ या एका शब्दाने किती घरं बदलली ते पाहण्यासारखं आहे. घटनेत तो ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’ यांच्या मध्ये आहे. रॉबर्ट्स यांच्या पहिल्या वाक्यात तो अगदी शेवटी गेला. त्यांच्या दुरुस्तीत तो ‘एक्झिक्यूट’ आणि ‘द ऑफिस’ यांच्या मधोमध बसला, कारण ओबामा ‘एक्झिक्यूट’वर थांबले होते आणि तिथूनच पुढे जायचं होतं. या तीन जागांपैकी दोन लाखोंच्या समुदायासमोर एका दमात वापरल्या गेल्या. मूळ जागा मात्र त्या दिवशी एकदाही उच्चारली गेली नाही.

नियम काय आहे, आणि तो इथे लागू होतो का?

इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप बहुतेक वेळा ‘टू’सह येतं: ‘टू गो’, ‘टू रीड’. त्या ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण घातलं की तो स्प्लिट इन्फिनिटिव्ह. ‘द बोर्ड डिसायडेड टू ग्रॅज्युअली क्लोज द मिल’ या वाक्यात ‘ग्रॅज्युअली’ मध्ये आलं आहे. आपल्या ‘करणे’, ‘करायला’ या रूपांना असं फोडताच येत नाही, त्यामुळे मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्याला या वादाचा स्वतःचा अनुभव नसतो. तो नियम ऐकतो आणि पाळतो.

आता हाच शब्द हलवून बघा. ‘द बोर्ड डिसायडेड ग्रॅज्युअली टू क्लोज द मिल’ म्हटलं की प्रश्न पडतो: निर्णय हळूहळू झाला की गिरणी हळूहळू बंद होणार? गिरणीत नोकरी करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन अर्थांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘डिसायडेड टू क्लोज ग्रॅज्युअली द मिल’ इंग्रजी कानाला खटकतं. ‘डिसायडेड टू क्लोज द मिल ग्रॅज्युअली’ चालतं. पण ‘मिल’च्या पुढे दहा शब्दांचं वर्णन आलं तर बिचारं क्रियाविशेषण क्रियापदापासून इतकं लांब जातं की त्याचा संबंध कुणाशी हेच कळत नाही. ‘टू ग्रॅज्युअली क्लोज’ ही सगळ्यांत स्वच्छ रचना आहे. जो नियम लिहिणाऱ्याला स्वच्छ रचना सोडून संदिग्ध रचनेकडे ढकलतो, त्याला नियम म्हणायला माझी तयारी नाही.

आणि आता शपथेकडे पाहा. ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’मध्ये ‘टू’ कुठे आहे? नाहीच. ‘विल’ हे सहायक क्रियापद, ‘एक्झिक्यूट’ मुख्य क्रियापद. कडक सनातनी वैयाकरणाच्या हिशोबानेही हा स्प्लिट इन्फिनिटिव्ह ठरत नाही. पण इन्फिनिटिव्ह फोडायचा नाही हे मनावर इतकं बिंबवलं गेलं की काही जणांनी तीच भीती सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या जोडीलाही लावली. ‘विल नेव्हर फर्गेट’, ‘हॅज ऑलवेज बीन’ अशा रचनांवाचून इंग्रजीत चार वाक्यं बोलता येत नाहीत, तरीही ही भीती पसरली. हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात हे बरोबर ओळखलं होतं. सहायक क्रियापदानंतरची जागा ही क्रियाविशेषणाची स्वाभाविक जागा आहे आणि तिथून त्याला हुसकावण्यामागे इन्फिनिटिव्हचा बागुलबुवा आहे, असं त्यांचं निदान होतं. त्याच कोशात त्यांनी स्प्लिट इन्फिनिटिव्हच्या बाबतीत इंग्रजी बोलणाऱ्यांचे पाच वर्ग पाडले: ज्यांना तो माहीतही नाही आणि त्याची पर्वाही नाही, माहीत नाही पण फार पर्वा आहे, माहीत आहे आणि निषेध करतात, माहीत आहे आणि मान्य करतात, आणि माहीत असून तारतम्याने वापरतात. दुसऱ्या वर्गातली माणसं आजही आपल्या शाळा-कॉलेजांत आणि कचेऱ्यांत भेटतात. इन्फिनिटिव्ह म्हणजे काय हे विचारलं तर नीट सांगता येत नाही, पण मसुद्यात ‘टू’नंतर क्रियाविशेषण दिसलं की लाल पेन चालतंच.

या नियमाचं वयही लक्षात घ्यायला हवं. ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये शब्द घालण्याची रीत इंग्रजीत चौदाव्या शतकाइतकी जुनी तरी आहेच. तिच्याविरुद्धचा आवाज मात्र एकोणिसाव्या शतकात उठला. १८३४ मध्ये एका अमेरिकन मासिकात कुणी निनावी लेखकाने ही रचना टाळा असं लिहिलं. १८६४ मध्ये हेन्री अल्फर्ड या इंग्रज धर्मगुरूने इंग्रजीच्या वापरावरच्या पुस्तकात ती नापसंत ठरवली. ‘टू’ क्रियापदापासून वेगळा करता येत नाही असं आपण मानत आलो आहोत, एवढंच त्यांचं म्हणणं. लॅटिनमध्ये इन्फिनिटिव्ह एकाच शब्दाचा असतो, म्हणून इंग्रजीतही तो फोडू नये, असं या नियमाचं मूळ सर्रास सांगितलं जातं. पण १८३४ आणि १८६४ च्या आक्षेपांत लॅटिनचा आधार घेतलेला नाही. लॅटिनची सबब पुढे चिकटली आणि मग तीच मूळ म्हणून मिरवू लागली.

त्या काळात या नियमाचा दरारा किती होता? १८७१ साली ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात वॉशिंग्टनचा तह झाला. अमेरिकन यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’सारख्या जहाजांनी केलेल्या नुकसानीचा वाद त्यातून मिटवायचा होता. वाटाघाटींसाठी गेलेल्या सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्या चरित्रात अशी नोंद आहे की ब्रिटिश सरकारने इतर मुद्द्यांवर पुष्कळ सैलपणा दाखवला, पण ‘टू’ आणि क्रियापदाच्या मध्ये क्रियाविशेषण आलेलं चालणार नाही, अशी तार मात्र आवर्जून पाठवली.

पिंकर यांचं निदान

शपथेचा गोंधळ झाल्यावर दोनच दिवसांत भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला. हार्वर्डचे प्राध्यापक आणि अमेरिकन हेरिटेज डिक्शनरीच्या भाषावापर-मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष, म्हणजे या विषयात शब्दाला वजन असलेला माणूस. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रॉबर्ट्स हे भाषेच्या बाबतीत काटेकोर आहेत. क्रियापद फोडू नये हा गैरसमज कायद्याच्या जगात खोलवर रुजलेला आहे. तो रॉबर्ट्स यांच्या अंगवळणी पडला असणार, आणि म्हणून ऐन वेळी त्यांच्या मनाने ‘फेथफुली’ उचलून ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’च्या मधून बाहेर काढलं. पुरावा म्हणून त्यांनी २००८ मधल्या रॉबर्ट्स यांच्या एका भिन्नमताच्या निकालपत्राचा दाखला दिला. त्यात बॉब डिलन यांच्या गाण्यातली ओळ उद्धृत करताना ‘एन्ट’ हा बोलीतला शब्द गळला होता आणि दुहेरी नकार गेला होता. गाण्याची ओळ सुधारणारा माणूस राज्यघटनेचं वाक्यही नकळत सुधारेल, असा हा तर्क.

तर्क मोहक आहे. रॉबर्ट्स यांचं व्यक्तिचित्रही त्याला साजेसं आहे. न्यायाधीश होण्याआधी त्यांनी सर्वोच्च न्यायालयात ३९ प्रकरणं लढवली होती आणि त्यांच्या लेखी युक्तिवादांची शैली वकिलांच्या वर्तुळात वाखाणली जायची. हार्वर्ड लॉ रिव्ह्यू या विद्यार्थी-संपादित नियतकालिकाचे ते एके काळी मॅनेजिंग एडिटर होते. योगायोग असा की ओबामाही पुढे त्याच नियतकालिकाचे अध्यक्ष झाले. म्हणजे त्या दिवशी समोरासमोर उभी असलेली दोन्ही माणसं दुसऱ्यांच्या मसुद्यातली क्रियाविशेषणं हलवण्याच्या कामातून तयार झालेली होती.

तरीही मला हे निदान पटत नाही. त्याच्याविरुद्धचा पुरावा शोधायला लांब जायला नको, तो त्याच ३५ शब्दांत आहे.

शपथेत क्रियापद एकदा नाही, तीनदा फोडलेलं आहे. पहिल्यांदा ‘डू सॉलम्ली स्वेअर’: ‘डू’ सहायक, ‘स्वेअर’ मुख्य, मध्ये ‘सॉलम्ली’. दुसऱ्यांदा ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’. आणि तिसऱ्यांदा ‘विल टू द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी प्रिझर्व्ह’. या तिसऱ्या ठिकाणी ‘विल’ आणि ‘प्रिझर्व्ह’ यांच्या मध्ये एक शब्द नाही, तब्बल सहा शब्द आहेत. फोडलेल्या क्रियापदाची ज्याला खरंच अॅलर्जी आहे त्याला सर्वांत आधी हे तिसरं ठिकाण खुपायला हवं. रॉबर्ट्स यांनी पहिलं ठिकाण बरोबर म्हटलं, तिसरंही बरोबर म्हटलं. अडखळले ते फक्त दुसऱ्या ठिकाणी. ‘डू सॉलम्ली स्वेअर’ हे कोर्टात रोज ऐकू येणारं ठरीव वाक्य आहे, ते तोंडात बसलेलं असतं, म्हणून ते पुराव्यातून बाजूला ठेवू. तिसऱ्या ठिकाणाचं काय करणार?

दुसरी गोष्ट ‘टू’ची. रॉबर्ट्स यांनी ‘प्रेसिडेंट ऑफ’ऐवजी ‘प्रेसिडेंट टू द युनायटेड स्टेट्स’ म्हटलं. ही चूक क्रियाविशेषणाच्या कुठल्याही नियमातून येत नाही. राष्ट्राध्यक्ष देशा‘चा’ असतो. एका साध्या शब्दयोगी अव्ययाची अशी अदलाबदल तेव्हाच होते, जेव्हा आठवण घसरलेली असते. एकाच वाक्यात दोन चुका असताना त्यातली एकच उचलून तिच्यावर सिद्धान्त उभा करणं मला योग्य वाटत नाही.

तिसरी गोष्ट घटनेचीच. त्याच दुसऱ्या अनुच्छेदात पुढे राष्ट्राध्यक्षाचं कर्तव्य सांगितलं आहे: कायदे ‘बी फेथफुली एक्झिक्यूटेड’, म्हणजे निष्ठेने अमलात आणले जातील याची त्याने काळजी घ्यावी. तिथेही ‘फेथफुली’ सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मध्येच आहे. घटनेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक अमेरिकन वकिलाच्या कानात ही शब्दसंगती असते, रॉबर्ट्स यांच्या तर नक्कीच. ती त्यांना टोचत असती तर तो तिढा कधीच सुटून गेला असता.

मग झालं काय असावं? माझ्या मते सुरुवातीला आवाज एकमेकांवर आदळले, तिथेच लय बिघडली. समोर कागद नाही. पुढचा तुकडा सुरू झाला, ‘दॅट आय विल’ झालं आणि ‘फेथफुली’ निसटलं. ‘एक्झिक्यूट’ तोंडातून बाहेर पडल्यावर मागे जाता येत नाही. बोलताना राहिलेला शब्द माणूस पुढे जिथे बसेल तिथे बसवतो, आणि इंग्रजीत अशा क्रियाविशेषणाला वाक्याच्या शेवटी जागा असतेच. म्हणून ते ‘युनायटेड स्टेट्स’च्या पलीकडे जाऊन पडलं. एखादा शब्द आणायचा राहिलाय हे भान डोक्यात घेऊन उरलेलं वाक्य म्हणताना ‘ऑफ’चा ‘टू’ होणंही समजण्यासारखं आहे. हे स्पष्टीकरण पिंकर यांच्या स्पष्टीकरणाइतकं रंगतदार नाही, पण दोन्ही चुका त्यात बसतात.

डिलन यांच्या ओळीचा दाखला मला विशेष कमकुवत वाटतो. बोलीतला शब्द गाळणं ही प्रमाणभाषेच्या आग्रहाची खूण असू शकते. तेवढ्यावरून तो माणूस क्रियापदं फोडायला घाबरतो हे कसं ठरतं? शुद्धलेखनाबाबत काटेकोर असलेला माणूस संधीचे सगळे नियम मानतो असं आपण धरून चालत नाही. निराधार नियमांविरुद्ध लढणाऱ्यांनी तरी पुराव्याबाबत जास्त कडक असलं पाहिजे. नियम लादणारे ‘असं ऐकलंय’ म्हणून लादतात. त्यांना उत्तर देताना आपणही ‘असंच झालं असणार’ म्हणालो तर वाद जिथल्या तिथे राहतो.

एका शब्दाच्या क्रमाची कायदेशीर किंमत

अर्थ बदलला का? ‘फेथफुली’ शेवटी गेल्याने शपथेचा अर्थ बदलत नाही. पदाचा कारभार निष्ठेने चालवणं आणि निष्ठेने पदाचा कारभार चालवणं एकच. शिवाय अमेरिकन घटनेच्या विसाव्या दुरुस्तीनुसार नव्या राष्ट्राध्यक्षाची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराच्या ठोक्याला सुरू होते. शपथ लांबली तरी ती थांबत नाही. त्या दिवशी शपथ सुरू झाली तेव्हा बारा वाजून गेलेले होते. म्हणजे ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले होते याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती.

पण घटना असंही म्हणते की पदाच्या कामाला हात घालण्याआधी राष्ट्राध्यक्षाने ‘पुढील’ शपथ घ्यावी, आणि ‘पुढील’ म्हणून नेमके शब्द दिले आहेत. २१ जानेवारीला ओबामांनी कामाला सुरुवात केली. सरकारी नोंदींच्या पारदर्शकतेविषयी आणि अधिकाऱ्यांच्या नैतिक बांधिलकीविषयी कार्यकारी आदेश त्याच दिवशी निघाले. उद्या कुणी कोर्टात जाऊन म्हणालं की शपथच घटनेबरहुकूम नव्हती, तर या आदेशांवर विनाकारण धुरळा उडाला असता. टीव्हीवरच्या चर्चांत आणि घटनातज्ज्ञांत तशी कुजबुज सुरू झालीच होती.

व्हाइट हाउसचे कायदा सल्लागार ग्रेग क्रेग यांनी ठरवलं की शपथ परिणामकारकच होती, पण ती घटनेच्या मजकुरातच असल्यामुळे आणि एक शब्द क्रमाबाहेर गेल्यामुळे, जास्तीची खबरदारी म्हणून ती पुन्हा द्यावी. २१ तारखेला संध्याकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी, व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये, मोजक्या लोकांसमोर रॉबर्ट्स यांनी काळा झगा घालून दुसऱ्यांदा शपथ दिली. बायबल नव्हतं; घटनेला ते लागतही नाही. तयार आहात का, असं विचारल्यावर ओबामा म्हणाले की हो, आणि या वेळी आपण अगदी सावकाश घेऊ. ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ आपल्या मूळ क्रमाने उच्चारलं गेलं.

मला हा निर्णय बरोबर वाटतो. त्याचं कारण व्याकरणाचं पावित्र्य नाही. कायद्याच्या मजकुरात ठरलेले शब्द ठरलेल्या क्रमाने म्हणण्याचा फायदा हा, की कुणाला अर्थाचा कीस पाडावा लागत नाही.

पूर्वी सगळेच इतके काटेकोर नव्हते. १९२९ मध्ये हर्बर्ट हूव्हर यांना शपथ देताना सरन्यायाधीश विल्यम टाफ्ट यांनी ‘प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड’मधल्या ‘प्रोटेक्ट’च्या जागी ‘मेंटेन’ म्हटलं. टाफ्ट स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष, हीच शपथ त्यांनी १९०९ मध्ये घेतलेली. रेडिओवर ऐकणाऱ्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीच्या ही चूक लक्षात आली आणि तिने टाफ्ट यांना पत्र लिहिलं. टाफ्ट यांनी चूक झाल्याचं मान्य केलं, पण नेमकं काय म्हटलं ते त्यांना वेगळंच आठवत होतं. ध्वनिमुद्रित फिती तपासल्यावर मुलीचं ऐकणं खरं ठरलं. तिथे क्रम नाही, अख्खा शब्दच बदलला होता. तरी हूव्हर यांनी शपथ पुन्हा घेतली नाही. दुसरीकडे कॅल्विन कूलिज यांनी १९२३ मध्ये शब्द बरोबर असूनही दोनदा शपथ घेतली, कारण पहिल्यांदा ती व्हरमाँटमधल्या घरी मध्यरात्रीनंतर त्यांच्या वडिलांनी दिली होती, आणि राज्य पातळीवरच्या नोटरीला तो अधिकार आहे का याबद्दल शंका होती.

हे वाक्य लिहिलं गेलं तेव्हा

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात घटना लिहिली जात होती तेव्हा मसुदा समितीच्या पहिल्या खर्ड्यात शपथेचा पूर्वार्धच होता, आणि त्यात ‘विल फेथफुली एक्झिक्यूट’ याच क्रमाने होतं. २७ ऑगस्टला जॉर्ज मेसन आणि जेम्स मॅडिसन यांनी उत्तरार्ध जोडण्याची सूचना मांडली. त्यातही ‘विल’ आणि ‘प्रिझर्व्ह’च्या मध्ये लांबलचक पदबंध घातलेला होता. तिथे जमलेल्यांत लॅटिन कोळून प्यालेले बरेच जण होते. क्रियापद फुटतंय म्हणून त्यांच्यातल्या कुणाचा कान दुखावला असता तर वाक्य बदलायला त्यांना पुरेसा वेळ होता. उत्तरार्धातले शब्द पुढे बदललेही. क्रम तसाच राहिला. ती भीती तेव्हा जन्मालाच आलेली नव्हती, आणि क्रियाविशेषणाला लागून लगेच क्रियापद हीच त्यांच्या इंग्रजीची सहज चाल होती. ‘एक्झिक्यूट’नंतर ‘द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ असं आठ शब्दांचं कर्म आहे. ‘फेथफुली’ त्याच्या पलीकडे टाकलं की निष्ठेची कबुली शेपटासारखी लोंबते. आधी ठेवलं की वचनाचा भार तिच्यावर येतो.

हेच वाक्य आपल्याही राज्यघटनेत आहे, हे फार कमी वेळा सांगितलं जातं. अनुच्छेद ६० मधली राष्ट्रपतींची शपथ आणि अनुच्छेद १५९ मधली राज्यपालांची शपथ यांच्या इंग्रजी पाठात ‘विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस’ आणि ‘विल टू द बेस्ट ऑफ माय अॅबिलिटी प्रिझर्व्ह, प्रोटेक्ट अँड डिफेंड’ हे दोन्ही तुकडे त्याच क्रमाने आलेले आहेत. पुढे भारतीय घटनाकारांनी जनतेच्या सेवेचं आणि कल्याणाचं वचन जोडलं. डॉ. आंबेडकरांच्या मसुदा समितीच्या इंग्रजीबद्दल कुणी शंका घेणार नाही. वर्गात ‘क्रियापद फोडू नका’ असं सांगणाऱ्या शिक्षकांसमोर ठेवायला परदेशातला भाषाशास्त्रज्ञ शोधायची गरज नाही. अनुच्छेद ६० उघडून ठेवावा.

शपथेच्या पद्धतीत मात्र आपल्याकडे मोठा फरक आहे. महाराष्ट्रात मंत्र्यांचा शपथविधी ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे: राज्यपाल फक्त ‘मी’ म्हणतात, पुढचं सगळं मंत्री समोरच्या कागदावरून स्वतः वाचतात. तुकडे पाडणं नाही, एकाने सांगून दुसऱ्याने म्हणणं नाही. रॉबर्ट्स-ओबामांचा गोंधळ या पद्धतीत होऊच शकत नाही. आपल्याकडे दुसरीच अडचण येते, पदरचे शब्द जोडण्याची. ३० डिसेंबर २०१९ च्या मंत्रिमंडळ विस्तारात के. सी. पाडवी यांनी शपथेच्या मजकुरापलीकडचे शब्द उच्चारले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी तिथेच हरकत घेतली आणि शपथ पुन्हा घ्यायला लावली. लिहिलं आहे तेवढंच आणि तसंच, हे तत्त्व वॉशिंग्टनमध्ये आणि मुंबईत एकच निघालं.

स्प्लिट इन्फिनिटिव्हच्या बाबतीत मोठ्या प्रकाशकांनी आपली भूमिका बदलली आहे. ऑक्सफर्डच्या १९९८ च्या नव्या इंग्रजी शब्दकोशाने ही रचना मान्य ठरवली तेव्हा त्याची बातमी झाली होती. द इकॉनॉमिस्ट साप्ताहिक वर्षानुवर्षं आपल्या लेखकांना सांगत होतं की बंदी निरर्थक आहे, पण वाचक चिडतात म्हणून पाळा. २०१८ मध्ये त्यांनी तीही अट काढली. आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि कचेऱ्यांतल्या मसुद्यांत ती अजून जिवंत आहे. तिथे ती हटवायची असेल तर गिरणीच्या वाक्यासारखी उदाहरणं द्यावीत, ज्यांत नियम पाळल्याने अर्थ बिघडतो. रॉबर्ट्स यांची चूक त्या यादीत घालू नये.

२० जानेवारी २०१३ ला ओबामांनी दुसऱ्या मुदतीसाठी व्हाइट हाउसच्या ब्लू रूममध्ये शपथ घेतली. तो रविवार होता, म्हणून जाहीर समारंभ दुसऱ्या दिवशी ठेवला होता. या वेळी रॉबर्ट्स यांनी कार्डावरून वाचून शपथ दिली आणि तिन्ही फोडलेली क्रियापदं आपापल्या जागी आली. दुसऱ्या दिवशीच्या जाहीर शपथेत ओबामा स्वतः ‘स्टेट्स’ या शब्दावर किंचित अडखळले. ती शपथ पुन्हा घ्यायची गरज कुणालाही वाटली नाही.